भावाला चालतात, वसतिगृहाला का नाही?

समजा, आष्टी तालुक्यातल्या एका गावचा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे. घरावर स्लॅब टाकायला तो गावाकडच्या थोरल्या भावाला दोन लाख रुपये पाठवतो. मोबाईलवर थोडी खटपट केली की एक-दोन दिवसांत पैसे भावाच्या खात्यात पडतात. कोणी काही विचारत नाही. मग त्याच्या मनात येतं की जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे, त्यालाही तेवढेच द्यावेत. तो फोन करतो आणि खाते क्रमांक मागतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "दादा, तुमचा पासपोर्ट कुठला?"

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन काही वर्षं झाली, असं तो सांगतो. त्यावर उत्तर मिळतं, "मग कृपा करून आमच्या खात्यात काही टाकू नका."

ज्या संस्थेला महिनाअखेरीला किराणा दुकानदाराला तोंड दाखवणं अवघड होतं, ती संस्था चालून आलेले दोन लाख नाकारते. माणूस दुखावतो. माझ्याच जिल्ह्यातली मुलं, माझेच कष्टाचे पैसे, मग यांना नको का? संस्थेला पैसे हवेच असतात. तरीही तिचा नकार बरोबर आहे, कारण ते पैसे तिने घेतले असते तर तो गुन्हा ठरला असता. परदेशातल्या मराठी माणसाची इच्छा आणि बीडमधल्या मुलाचं ताट यांच्यामध्ये काय काय आहे, ते पाहू.

दसऱ्यानंतरचा पट

आधी गरज कुठली आणि ती कधी उभी राहते ते पाहायला हवं, कारण पुढची सगळी अडचण या ‘कधी’भोवती फिरते.

बालाघाटाच्या डोंगररांगेतले शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी हे तालुके पावसाच्या भरवशावर जगतात. खरिपाचं एक पीक निघालं की शेतात काम उरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. पाच-सहा महिने फडाशेजारी कोपी घालून राहायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परतायचं.

शाळा जूनमध्ये सुरू होते. म्हणजे ऐन वर्षाच्या मध्यावर आई-वडील निघून जातात. मुलापुढे तीन वाटा असतात. एक, आई-वडिलांबरोबर फडावर जायचं. तिथे धाकट्या भावंडाला सांभाळणं हेच थोरल्या मुलीचं काम होतं आणि शाळा बहुतेक सुटतेच. दुसरी, गावात आजी-आजोबांकडे राहायचं. सरकारची हंगामी वसतिगृह योजना याच मुलांसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जेवणाची सोय होते, पण रात्री मुलं बहुतेक ठिकाणी आजीच्याच घरी असतात, आणि आजी थकलेली असते. तिसरी वाट म्हणजे वर्षभर चालणारं निवासी वसतिगृह.

मुलींच्या बाबतीत या गणिताला आणखी एक पदर आहे. वयात आलेली मुलगी सहा महिने गावात एकटी कशी ठेवायची, ही आईची काळजी खोटी नाही. त्यात अर्ध्या कोयत्यापेक्षा पूर्ण कोयत्याला उचल जास्त मिळते, म्हणजे जोडी जमली की उत्पन्न वाढतं. काळजी आणि उचल दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता. दहावीपर्यंत सुरक्षित राहायला मिळणारी एक खाट या आकड्याच्या मुळाशी जाऊन काम करते. कायद्याचा धाक आणि जनजागृतीच्या फेऱ्या हव्यातच. माझ्या मते त्या खाटेच्या तुलनेत त्यांचा क्रम दुसरा.

अशा खाटा पुरवणाऱ्या संस्था जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ आहे. तिथे ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं राहतात, शिकतात. गेवराईला संतोष गर्जे यांनी २००४ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू केलेलं ‘बालग्राम’ आहे. बीडजवळ पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘आनंदग्राम’ एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळतं. राज्य सरकारनेही ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आणली. तरी गरज आणि खाटा यांचा मेळ बसत नाही. मधली फट लोकवर्गणीने भरायची, आणि त्या लोकांमध्ये पुण्या-मुंबईचे जसे आहेत तसे अमेरिका, इंग्लंड आणि आखातातलेही आहेत.

कायदा पासपोर्ट बघतो

आता तो नकार. भारतात परदेशी पैशावर नजर ठेवणारा पहिला कायदा आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये झाला. तेव्हाची भीती राजकीय होती: परक्या देशांनी पैसे ओतून इथल्या निवडणुका आणि वर्तमानपत्रं हलवू नयेत. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, ‘परदेशी योगदान (विनियमन) कायदा’. संस्थांच्या कार्यालयांत सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. त्याचं पालकत्व अर्थखात्याकडे नसून गृहखात्याकडे आहे, हे लक्षात ठेवलं की त्याचा स्वभाव कळतो.

या कायद्याचा मुख्य प्रश्न ‘पैसे कोणाचे’ हा आहे. कुठून आले आणि कोणत्या चलनात आले, याला तो दुय्यम मानतो. त्यामुळे काही चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी घडतात.

दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माजलगावचा तरुण स्वतःच्या बचतीतून दिरहम बँकेमार्फत पाठवतो. पैसा परदेशातून आला, परकीय चलनात आला, तरी तो ‘परदेशी’ नाही, कारण देणारा भारताचा नागरिक आहे. संस्था हे पैसे आपल्या नेहमीच्या खात्यात घेऊ शकते. फक्त पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावून ठेवणं शहाणपणाचं.

याउलट, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आजी सुट्टीत बीडला आल्या, वसतिगृह पाहून हेलावल्या आणि पर्समधून रुपयांत पाच हजार काढून दिले. नोटेवर गांधीजी आहेत, व्यवहार बीडमध्ये झाला, देणाऱ्या आजी अस्खलित मराठवाडी बोलतात. तरी ही रक्कम परदेशी योगदान ठरते. त्यांच्याकडचं ओसीआय कार्डही इथे कामाला येत नाही. व्हिसापुरतं ते मोलाचं असेल, पण या कायद्याच्या नजरेत ते धारण करणारी व्यक्ती परदेशी नागरिकच असते.

आणखी एक गंमत. एखादा इंजिनिअर दहा वर्षं भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहतो आहे. पुण्यातल्या आपल्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम संस्थेला जावी, अशी सूचना त्याने बँकेला दिली आहे. ज्या दिवशी तो अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतो, त्या दिवसापासून तेच खातं, तीच रक्कम, तीच तारीख असूनही पैसा परदेशी होतो. त्याने कळवलं नाही तर संस्थेला कळणार कसं? म्हणून जागरूक संस्था नियमित देणगीदारांना दरवर्षी नागरिकत्व विचारतात. तो संशय नसतो.

मग भावाला पाठवलेले दोन लाख कसे चालले? कायद्याने जवळच्या नातेवाइकांना मोकळीक दिली आहे. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण अशा नात्यांत पैसे आले तर परवानगी लागत नाही. एका वर्षात १० लाखांहून जास्त आले तर सरकारला कळवायचं, एवढंच. २०२२ पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. शिवाय नोंदणीची अट त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक किंवा सामाजिक स्वरूपाचा ठरावीक कार्यक्रम आहे. स्लॅब टाकणं हा सामाजिक कार्यक्रम नाही. वसतिगृह चालवणं आहे.

दिल्लीतलं खातं आणि बंद झालेल्या चाऱ्या

संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा असेल तर गृहखात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक द्यायचे. नोंदणी पाच वर्षं टिकते, मग नूतनीकरण. दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत हिशेबाचं विवरणपत्र भरायचं, पैसा आला नसला तरी. इतकी मोठी संस्था नसेल तर दुसरी एक वाट आहे. ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेपुरती आधी परवानगी मागता येते.

२०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन गोष्टी मुळापासून बदलल्या. पहिली खात्याची. आता परदेशी पैसा आधी एकाच ठिकाणी उतरतो: स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर. संस्था बीडची असो की गडचिरोलीची, तिथे खातं हवंच. तिथून पैसे गावाकडच्या बँकेतल्या, याच कामासाठी उघडलेल्या खात्यात आणून खर्च करता येतात. सुरुवातीला यात बरीच ओढाताण झाली, आता ते सवयीचं झालं आहे.

दुसरा बदल जास्त खोल आहे. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी पैसा घेऊन तो दुसऱ्या नोंदणीकृत छोट्या संस्थेला पुढे देऊ शकत असे. माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही: धरणातून मुख्य कालवा, कालव्यातून चारी, चारीतून शेत. तालुक्याच्या संस्थेकडे नोंदणी असे. बोस्टनला ओळख नसे, इंग्रजीत अहवाल लिहिणारं माणूस नसे. ते काम मुंबई-दिल्लीची संस्था करी आणि पाणी खाली सोडी. २०२० च्या दुरुस्तीने चाऱ्या बुजवल्या. परदेशी योगदान एकदा घेतलं की ते दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरी. ज्याला पाणी हवं त्याने थेट धरणापासून आपली पाइपलाइन टाकावी.

यामागे सरकारचा तर्क असा की पैसा हातोहात फिरला की अखेर कुठे गेला हे शोधणं अवघड होतं. या म्हणण्यात तथ्य आहे. पण फटका बसला तो टेलच्या शेतकऱ्याला. ज्या संस्थांचं काम चांगलं पण वाणी बुजरी, त्या परदेशातल्या देणगीदारांच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. माझं मत विचाराल तर हिशेबाची कडक तपासणी ठेवून चाऱ्या चालू ठेवता आल्या असत्या.

समुद्रापलीकडची बाजू

आपला न्यू जर्सीचा माणूस आता दुसरा विचार करतो. थेट नको, तिथल्याच एखाद्या धर्मादाय संस्थेमार्फत देऊ.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी असे मार्ग फार आधीच तयार केले. ‘महाराष्ट्र फाउंडेशन’ ही संस्था १९७८ मध्ये तिथे उभी राहिली. महाराष्ट्रातल्या सामाजिक कामांना मदत हा तिचा हेतू. १९९४ पासून तिचे साहित्य पुरस्कार सुरू झाले, पुढे समाजकार्याचे आले. सुनील देशमुख यांचा त्यात पुढाकार होता. पुरस्काराची रक्कम एकदाच मिळते. तिचा खरा उपयोग वेगळा आहे: आडगावात काम करणाऱ्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात येतं, कोणीतरी त्याला पारखून घेतलं आहे हे चार लोकांना कळतं, आणि मग इतर देणगीदार फोन करतात. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात हेच काम करतो आहे. वेगळ्या धर्तीवर चालणारी ‘आशा फॉर एज्युकेशन’ १९९१ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिच्या गावोगावच्या शाखांतले स्वयंसेवक स्वतः निधी जमवतात आणि भारतात आले की प्रकल्प पाहून अहवाल लिहितात.

तिथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलं की देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळू शकते; बीडच्या संस्थेला थेट दिलं तर अमेरिकेत ती मिळत नाही. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात, तीही नोंदणीकृत संस्थेलाच. शंभराचे दोनशे होतात. मात्र अट आहे. तिथली संस्था नुसती टपालपेटी असून चालत नाही. ‘हे पैसे अमुक वसतिगृहालाच द्या’ अशी देणगीदाराची आज्ञा पाळून पैसे पुढे ढकलले तर सवलत धोक्यात येते. कोणाला, किती, कशासाठी, हे संस्थेच्या विश्वस्तांनी स्वतः पारखून ठरवायला हवं आणि पैसे कसे खर्च झाले यावर लक्ष ठेवायला हवं. देणगीदार इच्छा सांगू शकतो, हुकूम सोडू शकत नाही.

इथे एक वळण आहे, जे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. भारतीय पासपोर्टवाला इंजिनिअर थेट देईल तर पैसा देशी. तोच माणूस करसवलतीसाठी अमेरिकी संस्थेमार्फत देईल तर देणारी संस्था परदेशी, म्हणून पैसा परदेशी. मग बीडकडे एफसीआरए नोंदणी हवीच. म्हणजे ज्या वसतिगृहाकडे नोंदणी नाही, त्याच्यासाठी सवलत सोडून दिलेले शंभर डॉलर हे सवलतीच्या दोनशेपेक्षा जास्त मोलाचे, कारण ते पोचतात.

डिसेंबर आणि दसरा

अमेरिकेचं करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं. देणग्यांची गर्दी साहजिकच वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत होते. पैसे जमतात, मग तिथले विश्वस्त जानेवारी-फेब्रुवारीत बसून अर्ज तपासतात, मग कागदपत्रं, मग दिल्लीची शाखा, मग बीड. तोवर टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात.

वसतिगृहाला पैसा हवा असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हंगामाला निघताना आई-वडील मुलं आणून सोडतात, अचानक खाटा भरतात, गोधड्या, गव्हाचा साठा, दोन जास्तीच्या स्वयंपाकिणी लागतात. दुसरी मोठी कळ मे महिन्यात येते. बीडचा उन्हाळा म्हणजे टँकर. हे दोन्ही खर्च आधीच ठाऊक असतात, कारण ऊस आणि दुष्काळ दोघेही दरवर्षी वेळेवर येतात. तरी संस्था दरवर्षी ऑक्टोबरमध्ये उधारीवर आणि मार्चमध्ये घाईने पैसे खर्चायच्या दडपणाखाली असतात. यात वाईट कोणी नाही. दोन कॅलेंडरं जुळत नाहीत. ज्या देणगीदाराला हे कळलं, तो वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी देतो, किंवा डिसेंबरची देणगी पुढच्या हंगामासाठी आहे असं लिहून देतो.

फिलिपिनो आणि मेक्सिकन काय करतात?

हा प्रश्न फक्त आपला नाही. फिलिपीन्समधून लाखो परिचारिका, खलाशी, घरकामगार जगभर जातात. घरच्यांना खोकी भरून वस्तू पाठवण्याचा, बालिकबायान खोक्यांचा, त्यांचा रिवाज प्रसिद्ध आहे. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र येऊन पैसे पाठवणाऱ्या त्यांच्या मंडळांना तिथल्या सरकारने आपलं म्हटलं. परदेशस्थ फिलिपिनोंसाठीचा सरकारी आयोग १९८० पासून आहे, आणि देणग्या शाळा, शिष्यवृत्त्या, आरोग्य यांच्याकडे वळवण्याचा त्याचा स्वतंत्र कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला. मेक्सिको त्याच्याही पुढे गेला. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या गावमंडळाने एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालत. ‘एकास तीन’ ही योजना झाकातेकास राज्यात रुजली, २००२ मध्ये देशभर गेली आणि २०२० मध्ये तिची तरतूद बंद झाली.

त्या देशांनी परदेशस्थ माणसाकडे घरचा माणूस म्हणून पाहिलं, पासपोर्ट कुठलाही असो. आपल्या कायद्याने सुरक्षेच्या चष्म्यातून पाहिलं. मेक्सिकोच्या योजनेतही दोष होते. ज्या गावांतून जास्त लोक गेले आणि संघटित झाले, त्यांनाच जास्त मिळालं. सर्वांत गरीब गावं मागे राहिली. बीडला हे लागू पडतं. इथला ऊसतोड मजूर अमेरिकेत जात नाही, तो जातो सांगली-कोल्हापूरला. त्याचे परदेशस्थ भाऊबंद नाहीतच. त्याच्या मुलांसाठी देणारे बहुतेक दुसऱ्याच गावचे, दुसऱ्याच थरातले मराठी लोक आहेत. म्हणूनच त्यांना इथलं वास्तव कोणीतरी समजावून सांगावं लागतं.

पाटी कोणाच्या नावाची

देणगीदाराला खोली बांधून द्यायला आवडते. खोलीवर पाटी लागते. संगणक कक्ष, ग्रंथालय, सौर पॅनल, सगळं दिसतं, फोटो निघतो. विजेचं बिल दिसत नाही. रात्री दोनला ताप आलेल्या मुलीजवळ बसणाऱ्या मावशींचा पगारही दिसत नाही, आणि नेमका तोच खर्च दर महिन्याला असतो. काही ठिकाणी इमारत आहे पण माणूस ठेवायला पैसे नाहीत, हे चित्र नवं नाही.

कायद्यानेही इथे एक रेघ ओढली आहे. परदेशी योगदानातला प्रशासकीय खर्च २०२० पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालत असे, आता २० टक्के. पण प्रशासकीय म्हणजे नेमकं काय? शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत. तो थेट कामाचा खर्च. कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, हिशेब-तपासणी हे प्रशासकीय. गंमत अशी की याच कायद्याची विवरणपत्रं भरायला हिशेबनीस लागतो. कोट्यवधींचा निधी असलेल्या संस्थेला २० टक्के पुरून उरतात. वर्षाला सहा लाख परदेशी योगदान मिळणाऱ्या संस्थेला एक लाख वीस हजारांत वर्षभराचा हिशेबनीस कुठून मिळणार?

‘एका मुलाचा खर्च उचला’ ही योजना देणगीदारांना सर्वांत भावते. नाव, फोटो, दिवाळीला पत्र. तिच्यात दोन अडचणी आहेत. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. आनंदग्रामसारख्या ठिकाणी तर एक फोटो समाजमाध्यमावर गेला की त्या मुलाला पुढे गावात भाड्याने खोली मिळणं मुश्कील. दुसरी अडचण पंगतीतली आहे. एकाला अमेरिकेहून पत्र येतं, शेजारच्याला नाही. शहाण्या संस्था म्हणून खर्च मुलामागे मोजतात, पण पैसा सगळ्यांच्या हंड्यात टाकतात.

चौकट: पाठवण्याआधी

० भारतीय पासपोर्ट आणि स्वतःची बचत असेल तर बँकेमार्फत संस्थेच्या नेहमीच्या खात्यात. पासपोर्टची प्रत सोबत.
० परदेशी पासपोर्ट (ओसीआय धरून) किंवा परदेशी संस्थेचा पैसा असेल तर संस्थेची एफसीआरए नोंदणी चालू आहे का ते विचारा; पैसे फक्त तिच्या दिल्लीतल्या खात्यात.
० रुपयांत, रोख, भारतात दिलं तरी परदेशी नागरिकाचा पैसा परदेशीच.
० एका संस्थेला देऊन ‘पुढे त्यांना द्या’ असं सांगू नका.
० हिशेब-तपासणीचा अहवाल मागा. तो दाखवताना खळखळ करणाऱ्या संस्थेपासून दूर राहा.

अठरा पूर्ण झाल्यावर

बालगृहात मूल कायद्याने अठरा वर्षांपर्यंत राहतं. त्यानंतर ‘अनुरक्षण’ म्हणून २१ व्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूद आहे, विशेष कारणासाठी आणखी दोन वर्षं. कागदावरची ही वर्षं प्रत्यक्षात सर्वांत उघडी पडतात. बारावी झालेल्या मुलीला परिचर्येचा अभ्यासक्रम करायचा असतो, मुलाला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला असतो. सरकारी शिष्यवृत्ती असते, पण ती उशिरा येते आणि खोलीचं भाडं पहिल्या तारखेला लागतं. लहान मुलासाठी देणारे पुष्कळ. एकोणीस वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाचा मेसचा खर्च द्यायला कोणाचं मन द्रवत नाही.

परदेशातले मराठी देणगीदार इथे, आश्चर्य म्हणजे, जास्त उपयोगी पडतात. त्यांच्यातले कित्येक स्वतः सोलापूर, लातूर, औरंगाबादच्या वसतिगृहांत राहून, शिष्यवृत्तीची वाट पाहत शिकले आहेत. त्यांना हा खर्च समजावून सांगावा लागत नाही. शुल्क, मेस, लॅपटॉप असा तो मोजता येतो, पावती मिळते, तीन-चार वर्षांत संपतो. शिवाय पैशाबरोबर ते आणखी एक गोष्ट देऊ शकतात, जिला कुठलीच नोंदणी लागत नाही आणि जिच्यावर २० टक्क्यांची मर्यादाही नाही. मुलाखतीची तयारी, अर्ज कसा लिहायचा, कुठल्या महाविद्यालयाच्या जाहिरातीला भुलायचं नाही, हे रविवारी सकाळी फोनवर सांगता येतं. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते.